क्लेमच्या बाहेर राहिलेले: देवळाली कॅम्पातील एका काव्यवाचनाचे प्रकरण

नाशिकरोड-देवळाली परिसरातील एका लहानशा वाचकमंडळाने ऑगस्ट महिन्यातील बैठकीसाठी सीमा आणि स्थलांतर यांवरील कविता हा विषय घेतला होता. मंडळात निवृत्त शिक्षक आहेत, कॅम्पातील व्यापारी कुटुंबांतील काही माणसे आहेत, महाविद्यालयात मराठी शिकणारी मुले-मुली आहेत आणि अंबडच्या औद्योगिक वसाहतीत काम करणारे एक-दोन जण अधूनमधून येतात. बैठकीचा आराखडा सरळ होता. फाळणीवरील एक पंजाबी कविता, एक पॅलेस्टिनी कविता आणि २०२० च्या टाळेबंदीत मुंबई-आग्रा महामार्गावरून चालत गेलेल्या मजुरांवर मंडळातल्याच एका विद्यार्थिनीने लिहिलेली मराठी कविता, अशा तीन कविता मराठीतून वाचायच्या आणि प्रत्येकीवर थोडे बोलायचे, एवढेच ठरले होते. पहिली कविता वाचून झाल्यावर पंच्याऐंशीच्या घरातील एका सिंधी आजींनी हरकत घेतली आणि ठरलेला आराखडा तेथेच मोडला. पुढच्या काही महिन्यांच्या बैठका त्या हरकतीभोवतीच फिरत राहिल्या.

प्रस्तुत लेखन त्या हरकतीचा, तिच्यातून पुढे आलेल्या एका जुन्या काव्याचा आणि त्यामुळे विद्यार्थिनीच्या कवितेत झालेल्या बदलाचा अभ्यास आहे. संबंधितांच्या इच्छेनुसार कोणाचेही नाव दिलेले नाही. माझे म्हणणे थोडक्यात असे आहे की, स्थलांतराच्या आघाताची कविता शोधताना आपण सीमारेषेवर जाऊन उभे राहतो आणि रक्त दिसले की कविता सापडली असे मानतो. या प्रकरणात आघात सीमेवर झालेला नव्हता, तो मुक्कामी पोहोचल्यानंतर सुरू झाला होता, आणि त्याला शब्द पुरवणारी कविता घटनेच्या सुमारे दोनशे वर्षे आधीच रचली गेलेली होती.

हरकत

वाचलेली पहिली कविता अमृता प्रीतम यांची होती. गुजराँवाला येथे १९१९ मध्ये जन्मलेल्या या कवयित्रीने १९४७ मध्ये लाहोर सोडल्यानंतर ती लिहिली. ‘हीर’ ही काव्यमय प्रेमकथा लिहिणाऱ्या अठराव्या शतकातील वारिस शाह यांना ती हाक मारते: पंजाबची एक लेक रडली तेव्हा तुम्ही एवढा विलाप लिहिलात, आज लाखो लेकी रडत आहेत, तेव्हा कबरीतून बोला आणि प्रेमाच्या ग्रंथाचे पुढचे पान उघडा. शेते प्रेतांनी भरली आहेत, चिनाब रक्ताने भरली आहे, पाच नद्यांच्या पाण्यात कोणी विष कालवले आहे. वाचणाऱ्या मॅडमनी ती फार चांगली वाचली. अशा वाचनानंतर सभागृहात जी शांतता पसरते, ती पसरली.

आजी बसल्या जागेवरूनच बोलल्या. सत्तर-पंचाहत्तर वर्षे देवळालीत काढल्यामुळे त्यांची मराठी अस्सल इकडची आहे. “कविता चांगली आहे मॅडम, पण ही आमची नाही. आमच्या गाडीत प्रेतं नव्हती. आम्ही बोटीनं आलो, कराचीच्या धक्क्यावर पेट्या उघडून दाखवून आलो. आम्हाला कोणी मारलं नाही, म्हणून आम्हाला कोणी विचारलंच नाही.”

या तीन-चार वाक्यांत एक मोठा ऐतिहासिक फरक आलेला आहे. पंजाब आणि बंगाल यांचे दोन तुकडे झाले. सिंध मात्र अखंडपणे पाकिस्तानात गेला. त्यामुळे पंजाबी निर्वासिताला आपली भाषा बोलणारा पूर्व पंजाब तरी उरला, सिंधी हिंदूंसाठी भारतात सिंधचा एकही जिल्हा उरला नाही. सिंधमध्ये १९४७ च्या ऑगस्टमध्ये पंजाबसारखा हत्याकांडाचा वणवा पेटला नाही. हैदराबादेत त्या वर्षाच्या डिसेंबरात आणि कराचीत ६ जानेवारी १९४८ रोजी दंगे झाले, भारतातून गेलेले निर्वासित तिकडच्या घरांत राहू लागले, आणि मग दहा लाखांहून अधिक सिंधी हिंदूंनी काही महिन्यांत प्रांत सोडला. पुष्कळ जण कराचीहून बोटीने मुंबईला किंवा काठेवाडच्या बंदरांवर उतरले आणि तेथून आगगाडीने छावण्यांत पाठवले गेले. कराचीच्या दंग्यात माणसे मारली गेली, हे विसरता येत नाही; पण बहुसंख्यांच्या वाट्याला आलेले दुःख तलवारीचे नव्हते. ते हळूहळू, कागदोपत्री आणि रांगेत उभे राहून आलेले होते.

देवळालीला ही माणसे का आली, याचे उत्तर लष्करी आहे. इंग्रजांच्या फौजेने एकोणिसाव्या शतकात येथे छावणी वसवली आणि मायदेशी परतणाऱ्या गोऱ्या शिपायांना जहाज मिळेपर्यंत येथे ठेवले जाई. जहाजांचा हंगाम ठरलेला असल्याने काहींना महिनोन्महिने वाट पाहावी लागे आणि त्या वाट पाहण्यात डोके फिरल्याच्या कथा प्रसिद्धच आहेत. घरी जाण्यासाठी बोटीची वाट पाहणाऱ्यांच्या छावणीत फाळणीनंतर अशी माणसे आली, जी बोटीतून उतरून आली होती आणि घरी जाणारच नव्हती. एका लांब बराकीत गोणपाटाचे पडदे लावून अनेक बिऱ्हाडे, नळावर रांग, रेशनसाठी रांग, आणि शाळेत गेले की ‘निर्वासितांची पोरे’ ही ओळख, असे आजींचे बालपण होते. छावणीत आल्या तेव्हा त्या जेमतेम नऊ वर्षांच्या होत्या.

हरकतीनंतर मंडळात लगेच दोन तट पडले. एका ज्येष्ठ सदस्यांचे म्हणणे असे की, मोठी कविता एका समाजाची राहत नाही, ती सर्वांचीच होते, तेव्हा ‘आमची’ आणि ‘तुमची’ असा भेद कवितेत करू नये. मला हे म्हणणे ऐकायला गोड आणि प्रत्यक्षात अन्यायाचे वाटते. पंजाबी कवितेने फाळणीचे जे चित्र आपल्या मनात कायमचे कोरले, त्या चित्रात न बसणाऱ्या माणसाला आपले दुःख कमी प्रतीचे वाटू लागते आणि तो ते सांगण्याचेच सोडून देतो. आजींनी इतकी वर्षे ते सांगितले नव्हते. घरच्यांनाही नाही, असे त्यांच्या नातवाने नंतर सांगितले. कवितेचा दोष यात काहीच नाही. पण एकाच कवितेला सर्वांच्या वतीने बोलायला लावणे हा वाचकांचा आळस आहे.

वही

“मग तुमची कविता कोणती?” असे मॅडमनी विचारले, तेव्हा आजींनी पुढच्या वेळी घेऊन येते, असे सांगितले. त्या आल्या ते एक जाड वही घेऊन. ती त्यांच्या आईची. आपण जिला वहीची मागची बाजू म्हणू, तेथून ती सुरू होते, कारण लिपी अरबी वळणाची सिंधी आहे आणि उजवीकडून डावीकडे जाते. शाई तपकिरी पडलेली आहे, पण अक्षर वाचता येते; अर्थात वाचता येणाऱ्याला. घरात ते आता फक्त आजींना येते. मुलगा मराठी माध्यमात शिकला, नातू इंग्रजी माध्यमात, आणि दोघांनाही सिंधी बोलता येते तेवढीच. सिंधी भाषेला घटनेच्या आठव्या परिशिष्टात १० एप्रिल १९६७ रोजी स्थान मिळाले खरे, पण ती कोणत्या लिपीत लिहावी यावर भारतातल्या सिंधी समाजात जो वाद झाला, त्यात एका पिढीचे वाचन दुसऱ्या पिढीपर्यंत पोहोचले नाही.

वहीत शाह अब्दुल लतीफ भिटाई यांच्या काव्यातील उतारे आहेत, त्यातही मुख्यतः ‘सूर मारुई’ हा भाग. शाह लतीफ १६८९ ते १७५२ या काळातले सूफी कवी. त्यांच्या ‘रिसालो’ची रचना सुरांमध्ये आहे, म्हणजे प्रत्येक भाग गाण्यासाठी आहे. मारुईची कथा सिंधी घरात लहान मुलालाही ठाऊक असते. थरच्या वाळवंटातील मलीर या मुलखातली मारुई विहिरीवर पाणी भरायला गेलेली असताना राजा उमर तिला पळवून उमरकोटच्या किल्ल्यात कोंडतो. रेशमी वस्त्रे, दागिने, राणीपद, सारे तो देऊ करतो. ती अंगावरची जाडीभरडी घोंगडी सोडत नाही, केस धूत नाही, तेल लावत नाही आणि सतत मलीरची आठवण काढते. तेथला पाऊस, तेथले रानातले दाणे, पाणी शेंदणाऱ्या बायका, आणि इतके दिवस होऊनही निरोप घेऊन न आलेला कोणी उंटस्वार. मी येथे मेले तर माझे प्रेत तरी मलीरला न्या, तेथे पोहोचले तर मेलेलीही मी जिवंत होईन, असे ती म्हणते.

आजींनी आधी काही बैत, म्हणजे दोह्यांसारखी कडवी, वाचून दाखवले आणि मग एक वाई, म्हणजे गाण्याचे पद, गाऊन दाखवली. आवाज थकलेला होता, तरी तालाला पक्का. मध्येच त्या थांबल्या आणि हसून म्हणाल्या, “माझी आई नळाच्या रांगेत हे म्हणायची. रांगेतल्या सगळ्या बायका तिच्यामागे म्हणायच्या. रांग लांब असायची ना.”

कविता आघात कसा मांडते, याचा विचार करताना हा तपशील मला सर्वांत मोलाचा वाटतो. अमृता प्रीतम यांनीही अठराव्या शतकातील कवीलाच हाक मारली, पण नवे पान लिहा म्हणून. देवळालीच्या नळावरच्या बायकांना नव्या पानाची गरज पडली नाही. जुनेच पान त्यांना पुरले, नव्हे, ते त्यांना नव्याने कळले. सूफी परंपरेत मारुई म्हणजे आपल्या मूळ स्थानाला अंतरलेला जीव आणि मलीर म्हणजे ते मूळ स्थान. त्या बायकांनी हा आध्यात्मिक अर्थ बाजूला सारून मलीरचा अर्थ मलीरच घेतला. वारकरी संतांनी माहेर हा घरगुती शब्द उचलून पंढरपुरावर ठेवला, लौकिकाचे अलौकिक केले. येथे प्रवास नेमका उलटा झाला. फाळणीने एका अध्यात्मकवितेला तिचा भूगोल परत दिला.

आणि तरीही मारुईची कथा निर्वासितांच्या कथेशी पूर्ण जुळत नाही. किंबहुना जेथे ती जुळत नाही तेथेच खरी वेदना आहे, हे आजींनीच दाखवून दिले. विद्यार्थ्यांपैकी एकाने विचारले की, मग देवळाली म्हणजे तुमच्यासाठी उमरकोट होते का? आजी म्हणाल्या, “नाही रे बेटा. उमरकोटही तिकडेच राहिलं.” मारुईचे घरही सिंधमध्ये आणि तिचा तुरुंगही सिंधमध्ये. तिला कोंडणारा राजा तिची भाषा बोलतो, त्याच्याशी ती भांडू शकते आणि शेवटी तो तिला सोडतोही. छावणीत भांडायला समोर राजा नव्हता, टेबलामागे बसलेला कारकून होता.

क्लेम

वहीत एक घडी घातलेला कागद सापडला. तो क्लेमच्या अर्जाशी संबंधित पोच होती. निर्वासितांनी मागे सोडलेल्या मालमत्तेच्या दाव्यांची छाननी १९५० च्या कायद्याने सुरू झाली आणि भरपाईचा कायदा १९५४ मध्ये आला. सिंधी घरांत आजही हा सारा व्यवहार ‘क्लेम’ या एका शब्दाने ओळखला जातो. दावा स्थावर मालमत्तेचा करायचा असे. घर किती खोल्यांचे, बांधकाम कसे, पुरावा काय. आजींच्या वडिलांनी सिंधमधील शिकारपूरच्या घराचा दावा केला होता. त्यांना काय मिळाले, हे आजींनी सांगितले नाही आणि कोणी विचारलेही नाही.

क्लेमची पोच आणि सूर मारुई एकाच वहीत असणे हा योगायोग असेल. बहुधा कागद हरवू नये म्हणून जाड वहीत ठेवला गेला. पण दोन्ही कागद शेजारी ठेवून पाहिले की जाणवते की दोन्ही मागे राहिलेल्या वस्तूंच्या याद्या आहेत. मारुईच्या यादीत घोंगडी आहे, पाऊस आहे, रानातले दाणे आहेत, पाणवठ्यावरच्या मैत्रिणी आहेत. विहीर आहे, पण ती गावाची, तिच्या मालकीची नाही. यातील एकाही गोष्टीवर क्लेम करता येत नाही. सरकारला दोष देण्यासाठी मी हे लिहीत नाही; लाखो माणसांना काहीतरी वाटून द्यायचे तर मोजता येईल अशाच वस्तूंचा हिशोब करावा लागतो. मात्र अर्जाच्या रकान्यांत न बसलेला सगळा ऐवज कवितेकडे आला, आणि तो नळाच्या रांगेत रोज मोजला गेला, असे म्हणायला जागा आहे. नळाच्या रांगेतली ती कविता नुसती रडगाणे नव्हती, ती पर्यायी नोंदवही होती.

या ठिकाणी आराखड्यातली दुसरी कविता आपोआप चर्चेत आली. महमूद दरवीश यांचा जन्म १९४१ मध्ये अल-बिरवा या पॅलेस्टिनी गावात झाला. १९४८ मध्ये कुटुंब लेबनॉनला पळाले, पुढे लपतछपत परत आले, तोवर गाव नष्ट झालेले होते. आपल्याच भूमीत राहून ते कागदोपत्री अनुपस्थित ठरले. ओळखपत्रावरची त्यांची १९६४ मधील कविता एका अधिकाऱ्याला उद्देशून आहे: लिहून घ्या, मी अरब आहे, माझ्या कार्डाचा क्रमांक पन्नास हजार, मुले आठ, नववे उन्हाळ्यानंतर येणार. तिच्यात रक्त नाही, नद्या नाहीत, रूपके जवळजवळ नाहीत. सरकारी प्रश्नावलीचाच साचा घेऊन कवीने तिच्यात प्रश्नावलीने न विचारलेले भरले आहे, आणि त्यातून राग चढत जातो.

ही कविता सर्वांत आधी कोणाला कळली असेल तर ती अंबडच्या कारखान्यात काम करणाऱ्या, मूळ उत्तर प्रदेशातील एका सदस्याला. एरवी ते मागे बसून ऐकतात. २०२० मध्ये मुंबईहून गावी चालत निघाले असताना त्यांना नाशिकला अडवून निवारा केंद्रात ठेवले होते. जिल्हाबंदी हा शब्द तेव्हा आपण सर्वांनी रोज ऐकला, पण जिल्ह्याची हद्द ही देशाच्या हद्दीइतकी कठीण असू शकते, हे चालणाऱ्यांनाच कळले. देशात पहिल्यांदा सोडल्या गेलेल्या श्रमिक विशेष गाड्यांमध्ये नाशिकहून भोपाळला आणि लखनौला जाणाऱ्या गाड्या होत्या. लखनौच्या गाडीत त्यांचे नाव होते. त्यांनी सांगितले ते असे: “यादी मोठ्यानं वाचत होते. माझं नाव चुकीचं लिहिलेलं. मी हो म्हणू की नको, कळेना. हो म्हटलं तर खोटं, नाही म्हटलं तर गाडी गेली.” त्यांनी हो म्हटले. गाडीत बसल्यावरही संपूर्ण प्रवासभर कोणीतरी येऊन उतरवील अशी धास्ती होती. चालण्याचा त्रास त्यांनी एका वाक्यात संपवला. यादीबद्दल ते बराच वेळ बोलले.

माहेर

मारुईची वाई ऐकून मंडळातल्या मराठी बायकांना लगेच जात्यावरच्या ओव्या आठवल्या. माहेरच्या वाटेकडे डोळे लावून बसलेली सासुरवाशीण, दिवाळीला न्यायला न आलेला भाऊ, निरोप घेऊन येणारा वाटसरू, हे सारे मारुईच्या उंटस्वाराच्या इतके जवळचे आहे की तुलना टाळताच आली नसती. एका काकूंनी आपल्या आजीच्या दोन ओव्या म्हटल्या आणि आजींनी मान डोलावून दाद दिली. बैठकीचे वातावरण त्या दिवशी फार चांगले होते, आणि अशा वातावरणात शंका काढणे म्हणजे दुधात मिठाचा खडा. तरी ती काढायला हवी.

माहेरला परत जाता येते. वर्षातून एकदा, पंचमीला किंवा दिवाळीला, निदान बाळंतपणाला तरी जाता येते, आणि ओवीतले दुःख त्या परत जाण्याच्या आशेवर तरलेले असते. भारत आणि पश्चिम पाकिस्तान यांच्यात जुलै १९४८ पासून परवान्याची पद्धत आली आणि १९५२ पासून पासपोर्ट. ज्या सिंधी कुटुंबांनी शेजाऱ्याकडे किल्ली ठेवून, दंगा निवळला की येऊ, असे म्हणत घर सोडले, त्यांच्यासाठी सीमा ओलांडताना सीमा अशी जाणवलीच नव्हती; ती मागाहून, त्यांच्या पाठीमागे उभी राहिली. माहेराची उपमा मराठी श्रोत्याला दारापर्यंत नेते हे खरे, पण दार बंद आहे, हे ती सांगत नाही. मराठी कवितेत फाळणी फार थोडी आलेली आहे, कारण ती आपल्या अंगणात घडली नाही. आपल्याकडची स्थलांतराची कविता आहे ती कोकणातून गिरणीत आलेल्या चाकरमान्याची, ऊसतोडीला जाणाऱ्या टोळीची, दुष्काळात गाव सोडणाऱ्या कुणब्याची. तिच्यात परतीचा रस्ता गृहीत असतो. गणपतीला नाही तर शिमग्याला. म्हणून देवळालीतल्या शेजाऱ्याची कविता ऐकताना मराठी कानाला थोडा सराव करावा लागतो.

महामार्गावरची कविता

विद्यार्थिनीच्या कवितेची पाळी अखेर आली तेव्हा पुष्कळ बोलणे होऊन गेलेले होते. ती आडगाव भागात राहते. मे २०२० मध्ये तिच्या वसाहतीतील लोक महामार्गालगत चालणाऱ्यांना खिचडी आणि पाणी देत असत, तेव्हा ती बारावीच्या सुट्टीत वाढायला उभी राहत असे. कवितेचा पहिला खर्डा पायांवर होता. त्याच्या सुरुवातीच्या ओळी अशा:

डांबर वितळलं, तळवे नाही,
रस्ता संपला, पाय नाही.

टाळ्या पडल्या. पण मला त्या ओळी ऐकताना असे वाटले की त्या काळात मराठीत आणि हिंदीत लिहिल्या गेलेल्या कितीतरी कवितांत हेच पाय होते. भेगाळलेल्या टाचा, तुटलेल्या चपला, रक्ताचे ठसे. हे खोटे नव्हते. ८ मे २०२० रोजी औरंगाबाद जिल्ह्यात करमाडजवळ रुळांवर झोपलेले १६ मजूर मालगाडीखाली गेले, तेव्हा रुळांवर विखुरलेल्या भाकऱ्यांचे छायाचित्र सर्वांनी पाहिले आणि पाय व भाकरी या दोन प्रतिमांनी कविता व्यापून टाकली. पाय इतक्या जणांना का दिसले, हे मात्र कोणी विचारत नाही. माझा तर्क असा की, रस्त्याच्या कडेला पळी घेऊन उभा असलेला माणूस चालणाऱ्याच्या डोळ्यांकडे पाहू शकत नाही, म्हणून त्याची नजर खाली जाते. पायांची कविता ही चालणाऱ्याची कविता नाही. ती कडेला उभ्या असलेल्याच्या संकोचाची आहे, फक्त तो संकोच तिच्यात लिहिलेला नसतो.

यादीचा प्रसंग सांगणारे ते सदस्य त्या दिवशी हजर होते. त्यांनी कवितेची स्तुती केली आणि पुढे नुसते विचारले, “यात तू कुठे आहेस ताई?” विद्यार्थिनीने उत्तर दिले नाही. दोन महिन्यांनी तिने दुसरा खर्डा आणला:

मी पळ्या मोजत होते, दोनच वाढायच्या होत्या.
तोंडं झाकलेली त्यांची, आणि माझंही.
एकानं विचारलं, इथून धुळे किती?
मी खरा आकडा सांगितला.
त्याला वाटलं असेल
मी थोडा कमी करून सांगेन.

दुसरा खर्डा मंडळात फारसा आवडला नाही. यात आवेश नाही, लय नाही, ही बातमीसारखी वाटते, असे आक्षेप आले आणि ते सर्वस्वी चूक नाहीत. शेवटच्या दोन ओळी सोडल्या तर भाषा कोरडीच आहे. तरी मी दुसऱ्या खर्ड्याच्या बाजूने आहे. पहिल्यात चालणारा माणूस रस्त्याचाच एक भाग झाला होता. दुसऱ्यात तो बोलतो, आणि बोलतो तेही दयेसाठी नव्हे, माहितीसाठी. दोन पळ्यांचा हिशोब आणि किलोमीटरचा खरा आकडा यांत देणाऱ्याची मर्यादाही नोंदली गेली. आजींना कोणता खर्डा आवडला, असे विचारले असता त्या म्हणाल्या, “दुसरा. पण पोरी, तो पुढे धुळ्याला पोचला का, ते तू लिहिलं नाहीस.” ते ठाऊक नाही, असे तिने सांगितल्यावर आजी म्हणाल्या की मग तेही लिही. तिने अजून लिहिलेले नाही.

सध्याची स्थिती

वहीतील मजकूर देवनागरीत उतरवण्याचे काम आजींच्या नातवाने सुरू केले आहे. आजी वाचतात, तो मोबाईलवर ध्वनिमुद्रण करतो आणि रात्री दुकान बंद झाल्यावर टंकलेखन करतो. सिंधीत काही उच्चार असे आहेत की त्यांच्यासाठी देवनागरीत अक्षराखाली रेघ द्यावी लागते. ती त्याच्या कळफलकावर सहज येत नसल्याने काम सावकाश चालले आहे. मुद्रण इंटरनेटवर टाकावे, अशी मंडळातील तरुणांची सूचना होती. आजींनी नकार दिला, कारण गाणारा आवाज आता आईच्या आवाजासारखा राहिला नाही.

पुढच्या वर्षीच्या वाचनाचा क्रम काय असावा, यावर मंडळात एकमत झालेले नाही. मॅडमचे मत असे की फाळणीचा आरंभ पंजाबच्या कवितेनेच व्हावा, कारण त्या हिंसेचा धक्का बसल्याशिवाय बाकीचे दुःख समजणार नाही. मला उलटे वाटते. आधी छावणीची, यादीची आणि क्लेमची कविता वाचली आणि मग चिनाबच्या रक्ताकडे गेले, तर ते रक्त एकमेव पुरावा म्हणून समोर येणार नाही. आजींचे म्हणणे तिसरेच आहे. सूर मारुई ऑगस्टमध्ये वाचूच नये, मृगाचा पाऊस सुरू होताना वाचावा, कारण थरमध्ये पाऊस पडला की मारुईला राहवत नाही, आणि काव्यात तसे स्पष्ट म्हटलेले आहे. त्याप्रमाणे बैठक जूनमध्ये घ्यावी, असा प्रस्ताव सध्या मंडळापुढे आहे. जूनमध्ये प्रवेशाची गडबड असते, विद्यार्थी येणार नाहीत, अशी शिक्षक सदस्यांची तक्रार आहे, आणि निर्णय अद्याप व्हायचा आहे.